रस्त्याला दिवंगत कार्यकर्त्याचे नाव देताना : मालकीच्या चौकशीपासून नामफलकापर्यंतचा क्रम

वस्तीत शाळा उभी करणाऱ्या, पाण्याची सोय करणाऱ्या किंवा कामगारांना एकत्र आणणाऱ्या माणसाचे नाव तिथल्या रस्त्याला द्यावे असे लोकांच्या मनात येते, बैठक होते, सह्या जमतात, आणि दोन-तीन वर्षांनी चौकशी केल्यावर तो प्रस्ताव 'अभिप्रायासाठी प्रलंबित' असल्याचे कळते. अशा अडलेल्या प्रस्तावांची कागदपत्रे मी अनेकदा संबंधित लोकांसोबत बसून पाहिली आहेत. त्यांत व्यक्तीच्या योग्यतेवरून अडलेले प्रस्ताव फार थोडे होते. बाकीचे रस्त्यावरून अडले होते : रस्ता दुसऱ्याच संस्थेच्या मालकीचा निघाला, त्याला आधीच नाव होते, किंवा तो कुठे सुरू होऊन कुठे संपतो हे अर्जात नीट लिहिलेले नव्हते.

म्हणून पुढील क्रमात रस्ता आधी येतो, नाव त्यानंतर, ठराव त्यानंतर आणि फलक सर्वांत शेवटी. हा क्रम महाराष्ट्रातील ग्रामपंचायत, नगरपरिषद, नगरपंचायत आणि महानगरपालिका यांच्या हद्दीतील रस्त्यांसाठी आहे. मुंबई महानगरपालिकेला १८८८ चा स्वतंत्र अधिनियम लागू आहे, राज्यातील इतर महानगरपालिकांना १९४९ चा, नगरपरिषदा व नगरपंचायतींना १९६५ चा आणि ग्रामपंचायतींना १९५८ चा. आपली संस्था यांपैकी कोणत्या अधिनियमाखाली येते हे पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे, कारण अर्ज कोणाच्या नावे करायचा आणि ठराव कोणत्या सभेत होणार हे त्यावरून ठरते.

टप्पा १ : रस्ता कोणाच्या मालकीचा आहे ते लेखी मिळवा

आपण ज्या रस्त्याने रोज जातो तो स्थानिक संस्थेचाच असतो, हा समज सर्वांत जास्त प्रस्तावांना नडतो. शहरातून जाणारा रुंद रस्ता राज्यमार्ग किंवा प्रमुख जिल्हा मार्ग असेल, तर तो सहसा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतो. गावाला जोडणारे ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग बहुधा जिल्हा परिषदेकडे असतात. राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या अखत्यारीत येतो. औद्योगिक वसाहतीतील रस्ता महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा असू शकतो आणि लष्करी छावणीच्या हद्दीत कटक मंडळाचा अधिकार चालतो. अशा रस्त्याबाबत नगरपरिषदेने एकमताने ठराव केला, तरी तो रस्त्याच्या मालकाकडे पाठवलेली शिफारस एवढाच राहतो.

यापेक्षाही फसवा प्रकार म्हणजे मंजूर रेखांकनातील अंतर्गत रस्ता. विकासकाने भूखंड पाडले, रस्ता केला, लोक तीस वर्षे त्यावरून ये-जा करत आहेत, पण तो रस्ता संस्थेकडे रीतसर हस्तांतरित झालेलाच नाही, असे पुष्कळ ठिकाणी आढळते. तिथे आधी हस्तांतरण व्हावे लागते, आणि ते काम नामकरणापेक्षा कितीतरी मोठे असते. गृहनिर्माण संस्थेच्या कुंपणाच्या आतील रस्ता हा त्या संस्थेचा खासगी विषय आहे. तिने आपल्या सर्वसाधारण सभेत ठराव करून आत पाटी लावली तर त्याला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही, मात्र ते सार्वजनिक रस्त्याचे नामकरण ठरत नाही.

चौकशीसाठी महानगरपालिकेत पथ विभाग किंवा प्रभाग कार्यालयातील अभियंता, नगरपरिषदेत बांधकाम विभाग आणि गावात ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे ज्यांना आपण आजही ग्रामसेवक म्हणतो, त्यांच्याकडे लेखी अर्ज करावा. ग्रामपंचायतीकडे तिच्या ताब्यातील रस्त्यांची नोंदवही असते, तिला नमुना २३ म्हणतात. तिचा उतारा मागावा. साध्या अर्जाला उत्तर आले नाही, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करता येतो. त्याचे शुल्क १० रुपये आहे आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. त्या अर्जात 'हा रस्ता कोणाचा आहे?' असा प्रश्न विचारू नये. रस्त्याची नोंद असलेल्या नोंदवहीच्या पानाची प्रत, विकास आराखड्यातील संबंधित भागाची प्रत आणि हस्तांतरण झाले असल्यास त्या आदेशाची प्रत अशी नेमक्या कागदांची मागणी करावी. प्रश्नाला गोल उत्तर देता येते, कागदाबाबत तो आहे किंवा नाही हेच सांगावे लागते.

तपासणी : मालकी दाखवणारा सही-शिक्क्याचा एक तरी कागद हातात आल्याशिवाय पुढच्या टप्प्यावर जाऊ नये. अभियंत्याने तोंडी दिलेला होकार त्याच्या बदलीबरोबर संपतो.

टप्पा २ : रस्त्याला आधीचे नाव आहे का, आणि हेच नाव दुसरीकडे आहे का

रस्त्यावर पाटी नाही म्हणून त्याला नाव नाही, असे धरून चालू नये. पन्नास वर्षांपूर्वी ठराव झालेला असतो, पाटी एका पावसाळ्यात पडलेली असते आणि पुढच्या पिढीला त्याची माहितीच नसते. महानगरपालिकेत नगरसचिव कार्यालयात आणि नगरपरिषदेत सभा विभागात जुन्या ठरावांच्या वह्या असतात, तिथे शोध घ्यावा. मालमत्ता कराच्या जुन्या पावत्या, जुने खरेदीखत आणि टपालाचे जुने पत्ते यांतही विसरलेले नाव सापडते. त्या रस्त्यावर सर्वांत जास्त काळ राहिलेल्या दोन-तीन घरांत जाऊन विचारणे हा तर सर्वांत जवळचा मार्ग.

आधीचे नाव सापडले, तर विषय नामकरणाचा न राहता नाव बदलण्याचा होतो आणि त्याला होणारा विरोधही वेगळ्या जातीचा असतो. ज्याचे नाव काढले जाते त्याचेही वारस, अनुयायी आणि ऋणी लोक असतात. माझा सल्ला स्पष्ट आहे : एका माणसाचा सन्मान करण्यासाठी दुसऱ्याचे नाव पुसू नये. त्याच परिसरातील नाव नसलेला दुसरा रस्ता, चौक, उद्यान, वाचनालय किंवा सभागृह शोधावे. पाटी नवी आणि वापर जुना अशी स्थिती दीर्घकाळ टिकते, याचे उदाहरण पुण्यात आहे. तिथल्या एका गजबजलेल्या रस्त्याचे अधिकृत नाव नामदार गोपाळ कृष्ण गोखले पथ आहे, तरी लोक त्याला आजही फर्ग्युसन रस्ताच म्हणतात.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. वस्त्या आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. आपल्या रस्त्याचे जुने नाव तसे असेल, तर अर्जात त्या निर्णयाचा स्पष्ट उल्लेख करावा. तिथे बदलाला शासनाच्या धोरणाचाच आधार असतो.

दुसरी तपासणी सारख्या नावांची. त्याच शहरात, विशेषतः त्याच पिनकोडच्या भागात, त्याच नावाचा रस्ता किंवा चौक असेल, तर रुग्णवाहिका आणि अग्निशमन गाडी चुकीच्या ठिकाणी जाण्याचा धोका खरा आहे. अशा वेळी पूर्ण नाव वापरून किंवा 'मार्ग', 'पथ' असा भेद करून भागत नाही, कारण घाबरलेला माणूस फोनवर आडनावच सांगतो.

टप्पा ३ : रस्त्याची हद्द शब्दांत आणि नकाशावर बांधा

या टप्प्याला लोक दहा मिनिटे देतात. त्याला दोन दिवस द्यावेत.

अर्जात रस्त्याचे आरंभस्थान, शेवटचे स्थान, दिशा, मीटरमधील लांबी, रुंदी, प्रभाग किंवा वॉर्ड क्रमांक आणि उपलब्ध असल्यास दोन्ही टोकांचे सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे क्रमांक असावेत. खुणा कायमच्या निवडाव्यात : शाळा, पाण्याची टाकी, पूल, नाला, आधीच नाव असलेला चौक. दुकान, हॉटेल, बँकेची शाखा किंवा एखाद्याचे घर खूण म्हणून देऊ नये, कारण ठराव होईपर्यंतच ते बदललेले असू शकते.

एका वस्तीच्या अर्जाच्या कामात मी सुरुवातीपासून होतो, आणि त्यात आम्ही 'दवाखान्यासमोरील रस्ता' असे लिहिले होते. दवाखाना कोपऱ्यावर होता, त्याच्या समोर दोन रस्ते येत होते, आणि पाहणीला आलेल्या कर्मचाऱ्याने प्रामाणिकपणे दुसऱ्याच गल्लीची मोजणी करून अहवाल दिला. त्या गल्लीला आधीच नाव असल्याने प्रस्ताव निकाली निघाला. चूक आमच्या वाक्याची होती, आणि ती दुरुस्त करून पुन्हा त्याच ठिकाणी पोहोचायला आम्हाला चौदा महिने लागले.

रस्ता मध्येच वळत असेल, चौक ओलांडून पुढे जात असेल किंवा त्याला फाटे फुटत असतील, तर नाव कुठपर्यंत लागू आहे हे स्वतंत्र वाक्यात लिहावे. 'चौकापर्यंत' असे लिहिले की चौक त्यात धरला आहे की नाही, असा प्रश्न निघतो. त्याचे उत्तर अर्जातच द्यावे. सोबत साधा हाताने काढलेला नकाशा जोडावा, त्यात उत्तर दिशा दाखवावी आणि प्रस्तावित रस्ता लाल रेषेने ठळक करावा.

तपासणी : अर्जातील वर्णन त्या भागात कधी न आलेल्या माणसाच्या हाती द्यावे आणि त्याला रस्ता शोधायला सांगावे. त्याला कोणालाही न विचारता दोन्ही टोके सापडली, तर वर्णन पुरेसे आहे.

टप्पा ४ : नाव अक्षरशः ठरवा

व्यक्ती ठरली म्हणजे नाव ठरले असे होत नाही. लोक ज्या नावाने त्यांना हाक मारत ते, कागदोपत्री असलेले आणि घरच्यांना हवे असलेले अशी तीन रूपे असू शकतात, आणि यांपैकी एकच पाटीवर जाणार असते.

नाव जितके लांब, तितके ते आद्याक्षरांत जाण्याची शक्यता जास्त. मुंबईतील दादाभाई नौरोजी मार्ग बोलण्यात 'डी. एन. रोड' झाला, स्वामी विवेकानंद मार्ग 'एस. व्ही. रोड' झाला आणि लाल बहादुर शास्त्री मार्ग 'एल. बी. एस.' झाला. पुण्यात जंगली महाराज रस्ता अनेकांसाठी 'जे. एम. रोड' आहे. देशभर माहीत असलेल्या माणसांचे तरी विस्मरण होत नाही. आपल्या वस्तीतल्या कार्यकर्त्याचे नाव आद्याक्षरांत गेले, तर पुढच्या पिढीला ते कोण होते हे कळण्याचा धागाच तुटतो. म्हणून पाटीवरचे नाव दोन, फार तर तीन शब्दांचे ठेवावे आणि लोकांच्या तोंडी असलेले रूप शक्य तिथे स्वीकारावे. ज्यांना सगळे 'गुरुजी' किंवा 'ताई' म्हणत, त्यांच्या पाटीवर तोच शब्द आला तर तो टिकतो.

पदव्या, पदे आणि बिरुदे मूळ नावात घालू नयेत. 'माजी सभापती', 'समाजभूषण', 'सहकारमहर्षी' असे शब्द जोडण्याचा आग्रह घरच्यांकडून आणि सहकाऱ्यांकडून होतो. तो प्रेमापोटी होतो हे खरे असले, तरी पाटी वाहनातून जाताना दोन सेकंदांत वाचायची असते. 'कै.' हा शब्दही नावाचा भाग करण्याची गरज नाही. कार्याचा उल्लेख हवा असेल, तर नावाखाली लहान अक्षरांत एक ओळ आणि जन्म-मृत्यूची वर्षे मागता येतात.

'मार्ग', 'पथ', 'रस्ता' आणि 'गल्ली' यांतील शब्द रस्त्याच्या आकाराला शोभेल असा निवडावा. सहा मीटरच्या बोळाला 'महामार्ग' म्हटल्याने कोणाचाही मान वाढत नाही. ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षरे आणि रोमन अक्षरांतील लेखन या तिन्ही गोष्टी घरच्यांच्या सहीने एका कागदावर नक्की कराव्यात. एकाच रस्त्याच्या दोन टोकांच्या पाट्यांवर दोन वेगळी आडनावे रंगवलेली मी पाहिली आहेत, आणि रंगाऱ्याला दोष देता येत नव्हता, कारण त्याला दिलेल्या दोन कागदांवरच ती वेगळी होती.

सावधान : हयात व्यक्तीचे नाव सुचवू नये. निधनानंतर किती काळ जावा लागतो याबाबत आपल्या संस्थेचे धोरण किंवा जुना ठराव असल्यास त्याची प्रत आधी मागून घ्यावी. दुःख ताजे असताना, तेराव्याच्या आधीच अर्ज लिहिण्याची घाई होते. तेव्हा कागद अपुरे राहतात आणि विरोधी मत असलेले लोक संकोचाने गप्प बसतात, जे पुढे सभेत बोलतात.

टप्पा ५ : कार्याचे टिपण एका पानात लिहा

या टिपणात विशेषणे कमी आणि पडताळता येण्यासारख्या गोष्टी जास्त असाव्यात. 'त्यांनी आयुष्य समाजासाठी झिजवले' या वाक्याने सभेतील एकाही सदस्याला काही नवीन कळत नाही. त्यांनी कोणत्या वर्षी कोणती शाळा सुरू केली, पहिल्या वर्षी किती मुले होती, जमीन कोणी दिली, आज तिथे काय आहे, असे लिहिले की तेच काम उभे राहते. प्रत्येक दाव्यासमोर त्याचा पुरावा लिहावा : संस्थेची नोंदणी, सभेचे इतिवृत्त, वर्तमानपत्रातील बातमी, पुरस्काराचे पत्र, छायाचित्र. पुरावा नसलेला दावा कितीही खरा असला तरी गाळावा, कारण एक दावा खोडला गेला की उरलेल्या नऊंवरही शंका घेतली जाते.

त्या व्यक्तीचा त्याच रस्त्याशी संबंध काय, हे दोन-तीन वाक्यांत स्वतंत्रपणे सांगावे. ती तिथे राहत होती, तिथे त्यांनी संस्था चालवली, किंवा तो रस्ताच त्यांच्या प्रयत्नाने झाला. हा संबंध नसेल, तर 'दुसरा रस्ता का नाही?' असा प्रश्न येणारच.

सोबत मृत्यूच्या दाखल्याची प्रत आणि जवळच्या वारसांचे लेखी संमतिपत्र जोडावे. वारसांत मतभेद असल्यास सर्वांच्या सह्या होईपर्यंत थांबावे.

टप्पा ६ : रस्त्यावर राहणाऱ्यांची संमती

सह्यांचा गठ्ठा मोठा असणे वेगळे आणि त्या सह्या योग्य माणसांच्या असणे वेगळे. पाचशे सह्या असलेल्या अर्जात त्या रस्त्यावरचे बाराच जण निघावेत, ही गोष्ट दुर्मीळ नाही. म्हणून आधी रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या सर्व घरांची, दुकानांची, गृहनिर्माण संस्थांची, शाळांची आणि प्रार्थनास्थळांची यादी करावी, भाडेकरूही त्यात धरावेत, आणि मग यादीनुसार दारोदार जावे. ज्या घरी कोणी भेटले नाही तिथे पुन्हा जावे.

सह्यांच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर प्रस्तावाचे पूर्ण वाक्य हवे : कोणता रस्ता, कुठून कुठपर्यंत, कोणते नाव. कोऱ्या पानावर सह्या घेऊन वरचा मजकूर नंतर लिहिण्याची सवय मोडायलाच हवी. एका माणसाने 'मी तर गटाराच्या तक्रारीवर सही केली होती' असे सांगितले, की सगळा गठ्ठा संशयास्पद ठरतो. नाव, पत्ता, सही आणि तारीख एवढेच स्तंभ पुरेत. आधार क्रमांक घेऊ नये. मोठ्या गृहनिर्माण संस्थेकडून तिच्या समितीच्या किंवा सभेच्या ठरावाची प्रत घेतली, तर तिचे वजन सुट्या सह्यांहून जास्त असते.

लोकांची खरी भीती पत्ता बदलण्याची असते. 'तुम्हाला काहीही करावे लागणार नाही' असे सांगून सही घेऊ नये. जुने दस्त, करारपत्रे आणि ओळखपत्रे रस्त्याचे नाव बदलल्याने आपोआप रद्द होत नाहीत, मात्र पुढील कागदांत नवे नाव हळूहळू येईल आणि काही ठिकाणी अर्ज करावा लागेल, असे आहे तसे सांगावे. कोणी नकार दिला, तर तो कारणासह लिहून घ्यावा आणि अर्जासोबत जोडावा. स्वतःहून जोडलेला विरोध प्रामाणिकपणाची खूण ठरतो. लपवलेला विरोध सभेच्या दिवशी उभा राहतो.

त्याच रस्त्यासाठी दुसऱ्या नावाची मागणी करणारा गट असल्याचे कळले, तर अर्ज आपण आधी देऊन मोकळे होऊ, असा विचार करू नये. एकाच रस्त्यासाठी दोन अर्ज आले की कार्यालय दोन्ही बाजूला ठेवते. त्या गटाला भेटून एका नावावर यावे, किंवा एकाला रस्ता आणि दुसऱ्याला चौक अशी वाटणी करावी.

टप्पा ७ : अर्ज आणि ठराव

ग्रामपंचायतीत अर्ज सरपंचांच्या नावे करून विषय आधी मासिक सभेत आणि मग ग्रामसभेत आणावा. ग्रामसभेची सूचना किमान ७ दिवस आधी निघते, आणि गणपूर्तीसाठी एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतील जी संख्या कमी असेल ती लागते. आपला विषय सूचनेतील विषयपत्रिकेवर छापलेला असावा. 'अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय' यात तो घुसवून ठराव करून घेतला, तर ज्यांना सूचना नव्हती ते हरकत घेऊ शकतात, आणि त्यांची हरकत रास्त असते.

नगरपरिषदेत अर्ज मुख्याधिकाऱ्यांकडे द्यावा. महानगरपालिकेत नगरसेवकाने लेखी प्रस्ताव मांडणे हा रुळलेला मार्ग आहे. सूचक आणि अनुमोदक अशा दोघांच्या सह्या हव्यात, आणि शक्य असल्यास अनुमोदक दुसऱ्या पक्षाचा असावा. काही महानगरपालिकांत यासाठी वेगळी समिती असते, जशी पुण्यात नाव समिती. आपल्याकडे विषय आधी प्रभाग समितीत जातो की थेट अशा समितीत, हे नगरसचिव कार्यालयात विचारून घ्यावे. सभागृहाची मुदत संपलेली असून प्रशासक काम पाहत असतील, तर अर्ज त्यांच्या नावे करावा.

अर्ज देताना आवक क्रमांक आणि तारीख टाकलेली पोच घ्यावी, आणि त्यानंतर दर महिन्याला याच क्रमांकाने चौकशी करावी. निवडणूक आचारसंहिता लागू असताना असे ठराव आणि लोकार्पण होत नाहीत. तो काळ जवळ आला असेल, तर तारखांचा हिशेब आधीच करावा. निवडणुकीनंतर नवे सदस्य आले की जुना अर्ज आपोआप पुढे सरकेल असे गृहीत धरू नये. जुन्या पोचेची प्रत जोडून स्मरणपत्र द्यावे.

ठरावाचा मसुदा आपणच तयार करून अर्जासोबत द्यावा, म्हणजे हद्द आणि नाव शब्दशः तेच राहते. त्याचा साचा असा असू शकतो :

'प्रभाग क्रमांक ….. मधील, शाळेच्या पूर्वेकडील चौकापासून सुरू होऊन उंच पाण्याच्या टाकीसमोरील तिठ्याला मिळणाऱ्या, सुमारे ….. मीटर लांब व ….. मीटर रुंद अशा, सध्या कोणतेही नाव नसलेल्या रस्त्यास "….. मार्ग" असे नाव देण्यास ही सभा मान्यता देत आहे. नावाचे मराठी व रोमन लेखन सोबतच्या परिशिष्टाप्रमाणे राहील. नामफलक रस्त्याच्या दोन्ही टोकांना ….. विभागामार्फत बसवावेत आणि मालमत्ता कर, पाणीपुरवठा व अग्निशमन विभागांच्या नोंदींत हे नाव घ्यावे.'

यातील शेवटचे वाक्य बहुतेक ठरावांत नसते. त्यामुळे नाव मंजूर होते आणि फलक कोणी लावायचा हे कोणाच्याच जबाबदारीत येत नाही.

टप्पा ८ : मंजुरीनंतरचा, फलकाआधीचा काळ

सभेत टाळ्या वाजल्या म्हणजे काम झाले असे समजू नये. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम होते, त्यानंतर ठरावाची प्रमाणित प्रत मागावी आणि ती अक्षर अक्षर वाचावी. नावातील वेलांटी, रस्त्याची टोके, लांबी आणि प्रभाग क्रमांक यांत चूक असेल, तर दुरुस्ती याच वेळी करून घेता येते. फलक लागल्यावर तीच दुरुस्ती पुन्हा सभेपुढे न्यावी लागते.

टप्पा ९ : नामफलक

फलक संबंधित संस्थेनेच बसवणे उत्तम. खर्च समितीने उचलायचा असेल, तरी मजकूर, आकार आणि जागा यांना लेखी मान्यता घ्यावी. रस्त्यांवरील चिन्हफलकांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी ६७ ही संहिता आहे. अभियंत्याला तिच्याप्रमाणे अक्षरांची उंची आणि खांबाची जागा ठरवायला सांगावे. नाव मराठीत वर आणि मोठे असावे. देणगीदार, उद्घाटक आणि पक्ष यांची नावे मुख्य फलकावर नसावीत. सन्मान ज्यांचा आहे त्यांच्याच नावाला तिथे जागा हवी.

सावधान : कमान, चबुतरा, अर्धपुतळा किंवा स्मारकस्तंभ यांचा विचार असेल, तर तो इथेच थांबवावा. सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि लोकोपयोगी जागांवर पुतळे किंवा बांधकामे उभारण्यास राज्य सरकारांनी परवानगी देऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ रोजी दिला आहे. रस्त्यांची व्यवस्था, दिवे आणि वाहतूक यांसंबंधीची कामे त्यातून वगळलेली आहेत, त्यामुळे साधा नामफलक बसतो, स्मारक बसत नाही. तसेच मंजुरीआधी भिंतींवर नाव रंगवणे किंवा खांबांवर पाट्या अडकवणे हे मालमत्तेच्या विद्रूपणाचे कृत्य ठरू शकते, आणि त्याच्याविरुद्ध राज्यात १९९५ चा स्वतंत्र अधिनियम आहे. ज्यांच्या सन्मानासाठी आपण धडपडतो त्यांचे नाव अतिक्रमणविरोधी पथकाने खरवडून काढावे, अशी वेळ त्यांच्या घरच्यांवर आणू नये.

लोकार्पणाचा कार्यक्रम रस्त्यावर करायचा असल्यास वाहतूक पोलिसांची परवानगी वेगळी लागते. कार्यक्रम लहान ठेवावा, आणि पडदा दूर करण्याचा मान त्या रस्त्यावरच्या एखाद्या वयोवृद्ध रहिवाशाला द्यावा, असे मला मनापासून वाटते.

टप्पा १० : नाव वापरात आणा

फलक लागल्याच्या आठवड्यात प्रमाणित ठरावाची प्रत टपाल कार्यालय, पोलीस ठाणे, अग्निशमन केंद्र, वीज वितरण कार्यालय, मालमत्ता कर विभाग आणि रस्त्यावरील शाळा यांना पोच घेऊन द्यावी. मोबाइलवरील नकाशात नाव सुचवण्याची सोय असते. रस्त्याची दोन्ही टोके नीट निवडून आणि फलकाचे छायाचित्र जोडून ती सूचना करावी, नाव चुकून शेजारच्या रस्त्याला लागले नाही ना, हे काही दिवसांनी पाहावे. दुकानदारांनी आपल्या पाटीवर आणि पावतीपुस्तकावर, तसेच गृहनिर्माण संस्थांनी आपल्या पत्रांवर नवा पत्ता लिहायला सुरुवात केली, की नाव बोलण्यात रुळते. पहिली दोन-तीन वर्षे नव्या नावाबरोबर जुनी खूणही लिहावी, म्हणजे टपाल आणि रुग्णवाहिका यांची गैरसोय होत नाही.

मूळ अर्ज, पोच, संमतीच्या याद्या, कार्याचे टिपण आणि प्रमाणित ठराव यांचे दोन संच करावेत. एक संच कुटुंबाकडे द्यावा आणि दुसरा जवळच्या वाचनालयात किंवा शाळेत ठेवून त्याची नोंद करून घ्यावी. फलक पडला, रस्ता रुंद झाला किंवा प्रभागाची हद्द बदलली, तर त्या वेळी काम पाहणाऱ्या माणसाला टप्पा २ मधला शोध पुन्हा करावा लागणार नाही.